बेपत्ता मुलीच्या बातमीत कायम ‘फूस लावून पळवून नेले’ असंच का छापतात?

कारण ते वाक्य पत्रकाराचं नसतंच. मी सात वर्षं एका जिल्हा दैनिकात रात्रपाळीला होतो, पोलिसांच्या प्रेसनोटमधून असली वाक्यं जशीच्या तशी उचलून शेकड्यांनी छापली आहेत.

हरवलेली व्यक्ती सज्ञान असेल तर ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल होते आणि कागदावर येतं, ‘कोणास काही एक न सांगता निघून गेली’. (‘24 तास थांबा, मग या’ हा नियम कुठेच नाही, कुणी सांगितला तर ऐकू नका.) अठराच्या आतलं मूल असेल तर थेट अपहरणाचा गुन्हा. मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर तसं बजावलं, आणि ते गरजेचंच होतं. ‘पळाली असेल, येईल’ म्हणून आईबापांना वाटेला लावलं की काय होतं, ते 2006 मध्ये नोएडातल्या निठारीत बेपत्ता मुलांचे सांगाडे सापडले तेव्हा दिसलं होतंच. पण गुन्हा म्हटला की कलम आलं, पूर्वी भादंवि 363, जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 137(2). आणि कलमाची भाषा ठरलेली : अज्ञात इसमाने, अज्ञात कारणासाठी, फूस लावून, कायदेशीर रखवालीतून पळवून नेले. पोरगं बापावर रुसून मामाकडे गेलेलं असलं तरी कागदावर इसम येतोच. वाचणारा मात्र लगेच ‘प्रकरण’ शोधायला लागतो.

मूल सापडलं की बातमी दोन ओळींची, बहुतेकदा तीही नाही. व्हॉट्सॲपवर फोटो मात्र फिरतच राहतो. त्या मुलीवर अत्याचार झाल्याचं निघालं तर पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 23 नुसार तिची ओळख छापता येत नाही, पण आदल्या आठवड्यात आपणच ती घरोघरी पोचवलेली असते.

एकदा एक वडील कात्रण घेऊन आले. सोळा वर्षांची मुलगी, क्लासला गेलेली परतली नव्हती. म्हणाले, “साहेब, फूस लावली हे तुम्हाला कुणी सांगितलं? मला तर कुणी सांगितलं नाही.” मी प्रेसनोट दाखवली. त्यांनी ती सावकाश वाचली. रंग गव्हाळ, बांधा सडपातळ, नाक सरळ, अंगात पिवळा कुडता. मग विचारलं, “चष्मा कुठाय? चष्म्याशिवाय ती दोन पावलं चालत नाही.”

दुसऱ्या दिवशी चष्म्याची ओळ घालून पुन्हा छापलं. ‘फूस लावून’ तसंच ठेवावं लागलं, गुन्हाच तसा दाखल होता.