‘दुर्बल बंध’ म्हणावं का?

म्हापशाहून एका वाचकांनी विचारलं आहे. त्यांची भाची लहान रेणूंमधल्या नॉनकोव्हॅलंट बाँडचा संगणकीय अभ्यास करते आणि तिच्या कामाचा मराठी सारांश मामा लिहून देताहेत. ‘असहसंयुज बंध’ लिहावं की ‘दुर्बल बंध’? आणि ‘इंटरॅक्शन’ म्हणजे आंतरक्रिया, परस्परक्रिया की अन्योन्यक्रिया?

मामा, ‘असहसंयुज’ जिभेला जड आहे खरा, पण शब्द बिनचूक आहे. शाळेच्या पुस्तकात ‘सहसंयुज बंध’ (दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात तो) असतोच, त्याला नुसता ‘अ’ लागला. ‘दुर्बल’ हा त्याचा पर्याय नव्हे. मिठात सोडियम आणि क्लोराइड आयन एकमेकांना धरून असतात ते आकर्षण असहसंयुजच, पण त्याला दुर्बल कोण म्हणेल? तेव्हा शीर्षकात असहसंयुज ठेवा आणि जिथे आकडे येतील तिथे दुर्बल लिहा. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला दर मोलमागे साधारण ४६० किलोज्यूल लागतात. पाण्याचे दोन रेणू हायड्रोजन बंधाने जोडलेले असतात, ते सोडवायला २१च्या आसपास. ‘क्षीण’ मात्र नको. क्षीण म्हणजे आधी धडधाकट होता, मग झिजला.

‘बंध’ हा शब्दही जपून वापरावा. हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ साली स्वीकारली. ती तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ई. अरुणन यांच्याकडे होतं. त्या व्याख्येत हायड्रोजन बंध आधी ‘आकर्षक अन्योन्यक्रिया’ आहे, आणि बंध जुळल्याचा पुरावा हवा अशी अट मागाहून येते. ब्रोमीन, आयोडीन अशा हॅलोजन अणूमुळे जुळणाऱ्या हॅलोजन बंधाची व्याख्या २०१३ची, तिथेही पुरावा मागितला आहेच. मिथेनचे दोन रेणू शेजारी आले तर ओढ असते, पण ती दोन-सव्वादोन किलोज्यूलची. तिला बंध म्हणू नये, आकर्षण म्हणावं.

इंटरॅक्शनसाठी माझं मत अन्योन्यक्रियेला. परस्परक्रियाही चालेल, आंतरक्रिया टाळा. आपल्याकडे ‘आंतरराष्ट्रीय’मधला आंतर म्हणजे दोहोंमधला आणि ‘आंतरिक’ म्हणजे आतला. रसायनशास्त्रात नेमका हाच भेद कळीचा ठरतो. ऑर्थो-नायट्रोफिनॉलमध्ये हायड्रोजन बंध एकाच रेणूच्या आत जुळतो, म्हणून रेणू शेजाऱ्यांशी फारसे गुंतत नाहीत आणि पदार्थ ४५ अंशांच्या सुमारास वितळतो. पॅरा-नायट्रोफिनॉलमध्ये तोच बंध दोन रेणूंमध्ये जुळतो आणि वितळायला ११४ अंश लागतात. हे सांगताना ‘आंतररेणवीय’ आणि ‘अंतःरेणवीय’ असे जुळे शब्द वापरले की छपाईतला एक विसर्ग सगळा अर्थ फिरवतो. ‘दोन रेणूंमधला’ आणि ‘एकाच रेणूतला’ असं सरळ लिहा की.

संगणकाच्या भागात भाचीला ‘बेसिस सेट’, म्हणजे रेणूतले इलेक्ट्रॉन मांडायला घेतलेल्या गणिती फलनांचा संच, लागणारच; ‘आधारसंच’ चांगला शब्द आहे. त्याच्याबरोबर येणाऱ्या चुकीला मी ‘उसनवारीची चूक’ म्हणेन. पाण्याच्या एका रेणूची ऊर्जा उणे ७६.४ हार्ट्रीच्या (हे अशा गणितातलं ऊर्जेचं एकक) आसपास निघते. जोडीची ऊर्जा काढायची, त्यातून दोन सुट्यांची वजा करायची, आणि हाती उरतात जेमतेम ०.००८ हार्ट्री. जोडीत असताना प्रत्येक रेणू शेजाऱ्याची गणिती फलनं उसनी घेतो, त्यामुळे जोडीची ऊर्जा खोटीच खाली येते आणि बंध आहे त्यापेक्षा बळकट भासतो. आधारसंच लहान असेल तर ही चूक त्या ०.००८च्या मानाने मुळीच नगण्य नसते. बॉइज आणि बर्नार्डी यांनी १९७० साली उपाय सुचवला: सुटा रेणू मोजतानाही शेजाऱ्याच्या जागी त्याची फलनं मांडायची, अणुकेंद्र किंवा इलेक्ट्रॉन मात्र ठेवायचे नाहीत. म्हणजे उसनवारी दोन्हीकडे सारखी होते. या रिकाम्या अणूंना इंग्रजीत घोस्ट म्हणतात. गोव्यात ‘देवचार’ म्हणायचा मोह होईल, पण देवचार गावाची राखण करतो, हा कसली करणार! ‘भूत-अणू’ पुरे.

भाचीने हिंदी परिभाषा चाळली असेल तर एवढं तपासून घ्या. हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला तिथे ‘परमाणु’ म्हणतात. सारांशात ‘दोन अणूंमधला बंध’ असं छापून गेलं, तर वाचणाऱ्याला तो सहसंयुजच वाटेल.