वाचकांचे प्रश्न : समितीतली खुर्ची आणि घटनेतला शब्द

प्रश्न : मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे महिला प्राध्यापक व प्रशासकांचा एक गट आहे. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाची पोलिसाच्या हातून हत्या झाली, त्यानंतर गटाने वांशिक न्यायासाठी समिती नेमली, निवेदन काढले, पुस्तके वाचून चर्चा करण्याचा उपक्रमही सुरू केला. शेवटी समितीत दोन कृष्णवर्णीय सहकारी आणि मी अशा तिघीच उरलो होतो. गटाच्या माहितीपत्रकावर पहिल्या रांगेत माझा साडीतला फोटो आहे. मागच्या बैठकीत त्या दोघींपैकी एकीने राजीनामा दिला, तेव्हा अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "हरकत नाही, तुम्ही आहातच." मी अवघडून गेले, पण नेमके काय खटकले ते सांगता येईना. मी काय करावे?

उत्तर : खटकले ते बहुधा असे असावे : जाणाऱ्या सहकारी बाईंच्या खुर्चीवर आपण बसलात की समितीत 'गोऱ्या नसलेल्या' सदस्य आहेत असे दाखवता येते आणि त्या का गेल्या, हे कोणाला विचारावेच लागत नाही. आपला फोटो पहिल्या रांगेत का आहे, याचेही उत्तर त्यातच आहे.

या प्रश्नाला तिथल्या महिला संघटनांचा जुना इतिहास आहे. 'अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन' ही पदवीधर स्त्रियांची संघटना १८८१ पासूनची. मेरी चर्च टेरेल या ओबर्लिन महाविद्यालयाच्या १८८४ च्या पदवीधर, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा आणि या पदवीधर संघटनेच्या वॉशिंग्टन शाखेच्या पूर्वीच्या सदस्य. ऐंशी ओलांडल्यावर, १९४६ मध्ये, त्यांनी त्या शाखेत पुन्हा अर्ज केला आणि वर्णावरून तो नाकारला गेला. केंद्रीय मंडळाने शाखेला बजावले की मान्यताप्राप्त महाविद्यालयाची पदवी एवढीच सदस्यत्वाची अट आहे. त्यावर शाखा कोर्टात गेली, आणि जिंकलीही, कारण संघटनेची घटना तेव्हा ज्या शब्दांत लिहिली होती, त्यांच्या आधारे शाखेला काढून टाकता येत नव्हते. मग १९४९ च्या अधिवेशनात सदस्यांनी घटनाच बदलली आणि वंशावरून कोणालाही नाकारता येणार नाही, असे प्रचंड बहुमताने लिहून घेतले. शाखेतल्या नाराज स्त्रिया बाहेर पडल्या, त्यांनी आपला वेगळा क्लब काढला, आणि टेरेलबाई आत आल्या.

यात माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की केंद्रीय मंडळाची भावना पहिल्यापासून चांगली होती आणि तरीही ती कोर्टात टिकली नाही. शिवाय 'मान्यताप्राप्त महाविद्यालय' ही अटही दिसते तेवढी निष्पाप नव्हती, कारण कृष्णवर्णीयांसाठीची महाविद्यालये त्या यादीत दीर्घकाळ जवळजवळ नव्हतीच. हॉवर्ड विद्यापीठाच्या अधिष्ठाता लूसी डिग्ज स्लो यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांनी १९२० च्या दशकात स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारली, ती काही हौसेखातर नव्हे. (याच स्लोबाईंनी १९१७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेचे विजेतेपद मिळवले होते, हे जाता जाता.)

तेव्हा आपण पुढच्या बैठकीत भाषण करू नये, एक साधा तक्ता मांडावा : गेल्या तीन वर्षांत गटाच्या कोणत्या समितीवर कोण होते, महिन्याला किती तास गेले, कोणाला त्याबद्दल तासिकांत सूट मिळाली आणि बढतीच्या अर्जात हे काम कोणाला दाखवता आले. अल्पसंख्याक प्राध्यापकांवर पडणाऱ्या अशा बिनमोबदला कामाला मानसशास्त्रज्ञ अमाडो पडिया यांनी १९९४ मध्ये 'सांस्कृतिक कर' म्हटले. कर कोण भरते आहे, हे तक्त्यातला शेवटचा रकाना सांगेल. राजीनामा दिलेल्या बाईंना मात्र आधी विचारा की त्यांचे नाव त्यात आलेले चालेल का. नको म्हणाल्या तर गाळा. त्यांची व्यथा हा आपला पुरावा नव्हे.

मग मागणी दोनच गोष्टींची करा. हे काम सेवाभारात, म्हणजे शिकवणे व संशोधनाखेरीजच्या अधिकृत कामांत, मोजले जावे आणि समितीचे अध्यक्षपद गटाच्या निर्वाचित पदाधिकाऱ्यांपैकी एकीने, म्हणजे बहुधा एका गोऱ्या सहकारी बाईंनी, सांभाळावे, हे गटाच्या नियमावलीत लिहिले जावे. आपले राज्य आपण कळवलेले नाही. टेक्सासमध्ये सरकारी विद्यापीठांची विविधता कार्यालये (अल्पसंख्याकांच्या समावेशासाठी काम करणारी) २०२४ पासून कायद्यानेच बंद झाली आहेत, त्यामुळे केवळ काही वंशांच्या सदस्यांसाठी निधी सुचवण्याआधी विद्यापीठाच्या विधी विभागाला विचारावे. कामाच्या तासांची मोजदाद सर्वांचीच होत असल्याने तिला आडकाठी येण्याचे कारण मला दिसत नाही.

समिती सोडावी, असे मी सुचवणार नाही. ज्या १९६५ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत मोठ्या संख्येने स्थायिक होता आले, तो नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केलेल्या वातावरणातच संमत झाला. ते ऋण आहे, आणि ते फोटोत बसून फिटत नाही.

प्रश्न : आमच्या गटात भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घालण्याची सूचना आली. दोन मराठी मैत्रिणी म्हणतात, इथे वंशाचा विषय चालू असताना आपल्या घरचे धुणे कशाला काढायचे? त्यांचे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. ज्या बाईंना आडनाव विचारून, गावचे कोण विचारून, मग थोडे थांबून बोलले जाते, त्या आपल्या गटातही असू शकतील, आणि वंशाच्या रकान्यात त्यांचे व आपल्या मैत्रिणींचे उत्तर एकच पडते. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला, सिएटल शहराने २०२३ मध्ये तसा नियम केला. म्हणजे वाट पडलेली आहे. सूचनेला अनुमोदन आपणच द्यावे. ते काम दलित सहकारी बाईंवर टाकू नये, कारण अनुमोदनासाठी त्यांनी हात वर केला की त्यांची जात सभेला कळते.