पडद्यावर एक बॅच, रॅकवर दुसरी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मेडिकलच्या काउंटरवर उभा राहिलास, बरं वाटलं. पण ‘महिन्याला एक्स्पायरीचा रिपोर्ट काढतो, तेवढं पुरतं’ असं तू लिहिलंस, त्यावर बोलायला हवं.

रिपोर्टात बॅच, म्हणजे एका वेळी बनलेल्या, एकाच नंबराच्या आणि मुदतीच्या मालाचा गट, येते ती परचेस एंट्रीतून, माल आल्यावर संगणकात केलेल्या नोंदीतून. ती घालताना स्टॉकिस्टच्या, म्हणजे माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याच्या, बिलावर विसंबू नकोस, पट्टी हातात घेऊन वाच. पण खरी गडबड होते बिलिंगला. संध्याकाळच्या गर्दीत हाताला लागेल ती पट्टी जाते आणि पडद्यावर वर दिसणाऱ्या बॅचवर एंटर दाबला जातो. समज, मेटफॉर्मिनच्या, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्यांच्या, दोन बॅच आहेत, जुनीच्या सहाच पट्ट्या उरल्यात. नवीतल्या सहा पट्ट्या गेल्या, वजा झाल्या जुनीतून. एकूण साठा चोख जुळतो! संगणकाच्या लेखी जुनी बॅच संपली, आणि ती रॅकमध्ये मागे तशीच पडून. ती कुठल्याच एक्स्पायरी-यादीत येणार नाही. म्हणून यादी घेऊन रॅक बघतोस, तसं रॅकवरची पट्टी उचलून ती यादीत आहे का तेही बघ. नवा माल मागे लावायचा, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. गर्दीत कोण पाळतं ते बघ.

सुटी पट्टी कापताना बॅच-एक्स्पायरीचं टोक आपल्याकडे ठेव. ते गेलं की उरलेल्या चार गोळ्यांना ना नाव ना गाव.

नुसती तारीख बघून भागत नाही, खपही शेजारी मांड. चाळीस पट्ट्या, मुदत चार महिने, खप महिन्याला सहा. म्हणजे सोळा अंगावर पडणार, हे आजच दिसतं. ‘दहावर एक फ्री’ला भुलून घेतलेला माल बहुधा असाच अडकतो. स्टॉकिस्ट परत कधीपर्यंत घेतो ते माल घेतानाच विचार, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

पट्टीवर मुदत ०८/२०२६ म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत चालतं, हे नियमाने बरोबर. पण बीपीवाल्या आजोबांना २० ऑगस्टला महिन्याच्या गोळ्या त्यातून देऊ नकोस, त्यांचा सप्टेंबर त्यातच जाईल.

सीडीएससीओ, म्हणजे केंद्राची औषध नियंत्रण संस्था, दर महिन्याला दर्जाला न उतरलेल्या औषधांची यादी काढते, तीही बॅच नंबरासकट. तुझ्या एंट्र्या खऱ्या असतील तर ती बॅच आपल्याकडे होती का आणि कोणाच्या बिलावर गेली, हे दोन मिनिटांत सापडतं. नसतील तर अख्खी रॅक उपसत बस.

मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात ठेव, वर ‘विक्रीसाठी नाही’ असं ठळक लिही. संगणकातही त्याच दिवशी तो विक्रीच्या साठ्यातून काढ. क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाचे पैसे वळते केल्याची स्टॉकिस्टची चिठ्ठी, यायची वाट बघू नकोस, ती सावकाश येते. फ्रीजमधलं इन्सुलिनही याच फेरीत बघ, ते हमखास राहून जातं.

पुढच्या पत्रात तुमच्या दुकानातला खपाचा रिपोर्ट कसा दिसतो ते कळव.