जुन्या ऑम्निबॉट रोबोचा चालणारा व्हॅक्यूम क्लीनर करता येईल का? कोणती मोटर लावावी?

येतो. मी केलाय, आणि त्यावरून आमचा दादा अजून मला टोमणे मारतो. म्हणून उत्तर जरा लांबेल.

माझाही टोमी या जपानी खेळणी कंपनीचाच, १९८४चा. छातीत कॅसेट प्लेअर, रिमोटने चालवलेल्या हालचाली टेपवर भरून पुन्हा तशाच करून दाखवणारा. दादाचं म्हणणं, असली वस्तू काचेच्या कपाटात ठेवायची, तिला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही.

सुरुवातीला मी तळाशी कॉम्प्युटरचा पंखा बसवला. भन्नाट फिरायचा, पण कागदाचा कपटा काही उचलेना. दादा खुर्चीत बसून हसत होता. असा पंखा मोकळी हवा ढकलतो. पुढे अरुंद नळी आणि गाळणी आली की त्याचा दम जातो. लागतो तो सेंट्रिफ्युगल ब्लोअर, मधून हवा घेऊन कडेने फेकणारा. त्यामुळे मोटर कोणती, हा प्रश्नच मुळात चुकलाय. गाडी साफ करायच्या १२ व्होल्टच्या छोट्या व्हॅक्यूममधला ब्लोअर मोटरीसकट उचला आणि मोकळे व्हा.

तो मी बूस्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) लावून रोबोच्याच ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायला गेलो. ब्लोअर सुरू झाला की व्होल्टेज बसायचं. कॅसेटमधलं गाणं आधी घोगरं, मग रडकं, मग गप्प. आणि स्वारी डावीकडे वळायची सोडून भिंतीला डोकं टेकून चाकं घासत उभी. ब्लोअरला वेगळी बॅटरी दिली तेव्हा हे थांबलं. मग नवीनच तमाशा: बाहेर पडणारी हवा मी पुढच्या बाजूला खाली सोडली होती. रोबो पुढे, धूळ त्याच्याही पुढे! दादाने तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या, ते मी विसरलेलो नाही. हवा मागून वर सोडली, तोंड जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणलं, सांध्यांना फोमची पट्टी लावली आणि कचरा डब्यात यायला लागला. मोठ्या मोटरीपेक्षा त्या पट्टीने जास्त काम केलं.

‘खेळण्याचा जीव घेतलास’ म्हणतो दादा. कपाटात उभ्या उभ्या पिवळ्या पडणाऱ्या प्लास्टिकमध्ये कसला आलाय जीव? शिवाय मी अंगाला एकही भोक पाडलेलं नाही. तळाचं मूळ झाकण जपून ठेवलंय, त्या जागी प्लायवूडची पट्टी आहे. चार स्क्रू काढले की पहिल्यासारखा रोबो. पण हे ऐकून घेईल तर तो दादा कसला.

हो, आपला आपण खोली झाडेल अशी आशा धरू नका. २००२च्या पहिल्या रूम्बाकडेही, म्हणजे आपला आपण फिरणाऱ्या व्हॅक्यूम रोबोकडेही, खोलीचा नकाशा नव्हता, पण धडकलो एवढं तरी त्याला कळायचं. टेप आंधळी. चाक जरा घसरलं की दोन-तीन वळणांत रस्ता चुकतो. मी सरळ रिमोटनेच फिरवतो. लिथियम बॅटरी घेतलीत तर संरक्षक सर्किट असलेलीच घ्या. जुनी फुगली किंवा पाझरली असेल तर चार्ज करून बघायच्या फंदात पडू नका.

आणि सगळ्याच्या आधी कॅसेटचा रबरी पट्टा बघा. इतक्या वर्षांत त्याचा चिकट लगदा होतो. माझा दादाने बदलून दिला होता, तेवढं मात्र खरं.