मानसिक आजाराचा तीव्र झटका आलेल्या भावाला पोलीस कोठडीत ठेवू शकतात का? घरच्यांच्या सहीवर दाखल करता येते का?

केवळ मानसिक आजार आहे म्हणून कोठडीत ठेवता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 100 नुसार पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या अशा व्यक्तीला लवकरात लवकर, आणि जास्तीत जास्त 24 तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते.

दापोली-मंडणगडकडून रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय दूर पडते, म्हणून कलम 94 आपल्याकडे विशेष उपयोगी आहे: जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी ग्रामीण रुग्णालयातलाही, रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी त्याने नेमलेली किंवा कायद्याने ठरलेली व्यक्ती) उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, मात्र त्यात विजेचे झटके देता येत नाहीत.

घरच्यांची सही पुरेशी नाही. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो आणि एक मानसोपचारतज्ज्ञ व दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी स्वतंत्र तपासणी करून गरज मान्य केली, तरच कलम 89 खाली 30 दिवसांपर्यंत दाखल करता येते. या निर्णयाविरुद्ध भाऊ स्वतः मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागू शकतो, आणि त्यासाठी त्याला मोफत कायदेविषयक साहाय्याचा हक्क आहे. हे रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तुम्हीच सांगा.

देवळात गाऱ्हाणे घालायला कायद्याची आडकाठी नाही, परंतु साखळीने बांधणे कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. रात्री-अपरात्री सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चालू असतो.