कुंडीत अंडं कुणी पुरलं?

प्रश्न: लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला आले आहे. परवा चटणीसाठी पुदिना खुडताना कुंडीतल्या मातीत कोंबडीचं अख्खं अंडं लागलं! शेजारीण म्हणते, हे कोल्ह्याचं काम. कोकणात आम्ही आगोटीला सुकी मासळी भरतो, तशी ही त्याची बेगमी का?
– एक वाचक, मुक्काम लंडन

उत्तर: ताई, शेजारणीचं खरं आहे. फक्त नाव दुरुस्त करतो, मास्तरकीची सवय जात नाही. आपला कोल्हा वेगळा. लंडनच्या गल्ल्यांत फिरतं ते तांबूस, झुबकेदार शेपटीचं खोकड. तिथे काही लोक त्याच्यासाठी अंगणात अंडी ठेवतात. पोट भरलेलं असलं तरी ते मिळालेलं सोडत नाही. पुढच्या पायांनी चार बोटं खड्डा, आत ऐवज, वर नाकाने लोटून माती. कुंडीची भुसभुशीत माती म्हणजे आयतीच सोय.

पण तुमची आगोट इथे अर्धीच जुळते. आपण सगळं डब्यात भरून फळीवर ठेवतो. खोकड एका खड्ड्यात बहुधा एकच वस्तू पुरतं. एक खड्डा कुणी उकरला तरी बाकीचे शाबूत. पुढे नोबेल मिळालेले प्राणिशास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी इंग्लंडमधल्या रेव्हनग्लासच्या वाळूत पावलांचे ठसे वाचून हे टिपलं. तिथली खोकडं कुरव पक्ष्यांची अंडी अशीच एकेक करून पुरत.

मला स्वतःला भावतो तो त्यांचा हिशेब. कॅनडाच्या प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानात खोकडांचे अभ्यासक डेव्हिड हेन्री यांना दिसलं, की खड्डा रिकामा केला की खोकड तिथे मुततं. पुढच्या फेरीला वास आला की समजायचं, इथे काही उरलं नाही. उकरत बसायचं कारण नाही.

हा साठा बहुतेकदा थोड्या दिवसांचाच. खरी आगोट करतं ते ध्रुवीय खोकड. कॅनडाच्या बायलट बेटावर उन्हाळ्यात हजारो हिमहंस अंडी घालतात, ती पळवून ते गारठलेल्या जमिनीत पुरतं. कवच आणि थंडी यांमुळे ती टिकतात, अगदी पुढच्या वसंतापर्यंत. त्याचं नेहमीचं खाणं असलेले लेमिंग नावाचे उंदीर कमी झालेल्या वर्षी या अंड्यांचाच आधार.

तुम्ही अंडं काढलंत, पण तुमचं खोकड जागा विसरलेलं नसणार. येईल, उकरेल, कदाचित सहीही करून जाईल. कुंडीवर जाळी बांधा आणि तूर्त चटणीचा पुदिना दुकानातून आणा.