सैन्याच्या जॅमिंगमुळे प्रवासी विमान वाट चुकू शकतं का?

तुम्ही विचारलंय की युद्ध चालू असलेल्या भागाजवळ सैन्य जीपीएस बंद पाडतं, मग तिथून जाणाऱ्या पायलटला वाट कशी कळते आणि अशा विमानात बसावं का. मी प्रवासी विमानांवर पायलट आहे, अशा भागांवरून बऱ्याचदा गेले आहे. बसावं, असंच मी सांगेन. पण "जीपीएस गेलं तरी काही फरक पडत नाही" असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते मला मान्य नाही.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून निघालेला सिग्नल आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याची ताकद उरते वॅटच्या एक अब्जांश भागाचा पुन्हा एक कोट्यंश. इतका क्षीण सिग्नल दाबायला फार मोठं यंत्र लागत नाही. त्यात जमिनीवरच्या माणसाला घरं, टेकड्या, पृथ्वीची गोलाई यांचा आडोसा असतो. 36,000 फुटांवर आडोसा कुठला? चारशे किलोमीटर लांबचा जॅमरही, म्हणजे सिग्नल दाबणारं यंत्रही, विमानाच्या थेट समोर असतो. म्हणून देशांच्या भांडणाशी काही संबंध नसलेली विमानंही त्यात सापडतात.

नुसतं जॅमिंग झालं तर आम्हाला ते लगेच कळतं. जीपीएस गेल्याचा संदेश येतो आणि विमान दुसऱ्या साधनांवर चालू राहतं. विमानात वळणं टिपणारे जायरो आणि वेगातला बदल मोजणारी यंत्रं असतात, ती बाहेरच्या कुठल्याही सिग्नलशिवाय आपण कुठे आहोत याचा हिशोब ठेवतात. तो हिशोब तासाला एखाद-दोन सागरी मैल सरकतो, पण जमिनीवरच्या व्हीओआर आणि डीएमई या दिशा आणि अंतर सांगणाऱ्या रेडिओ केंद्रांवरून तो दुरुस्त करता येतो. शिवाय रडारवर कंट्रोलर बघत असतो.

स्पूफिंग वेगळं. त्यात सिग्नल दाबत नाहीत, खोटा सिग्नल पाठवतात, आणि विमान तो खरा मानतं. पूर्व भूमध्य समुद्रावरची एक रात्र सांगते. आधी घड्याळ बिघडलं, रात्रीचे पावणेदहा होते ते एकदम सकाळचे सहा झाले. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं, कॅप्टननेही बघितलं. तेवढ्यात नकाशावरचं आमचं विमान उडी मारून किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर जाऊन बसलं. खाली काळा समुद्र, आम्ही 37,000 फुटांवर, आणि स्पीकरमधून आवाज आला: "टेरेन, टेरेन, पुल अप!" म्हणजे समोर डोंगर आहे, वर घ्या.

हा आवाज ऐकला की विचार करत बसायचं नाही, हे आमच्या अंगात मुरवलेलं असतं. नाक वर, इंजिनांना पूर्ण ताकद. त्या उंचीवर तसं केलं असतं तर वेग पडून विमान स्टॉल होण्याचा, म्हणजे पंखांचा आधार सुटून खाली येण्याचा, धोका होता. कॅप्टनने माझा हात अडवला आणि ती सूचना बंद करायचं बटण दाबलं. त्यांचं बरोबरच होतं. पण पुढच्या काही महिन्यांत तोच प्रकार इतक्या वेळा झाला की आवाज येताच माझाही हात आपसूक त्या बटणाकडे जायला लागला. मला खरी काळजी वाटते ती याची.

चांगलं धडधाकट विमान ढगात किंवा अंधारात डोंगरावर आदळणं, हे एके काळी प्रवाशांच्या मृत्यूचं फार मोठं कारण होतं. डॉन बेटमन नावाच्या अभियंत्याने त्यावर उपाय शोधण्यात आयुष्य घातलं. आजची यंत्रणा पुढचा डोंगर आधीच सांगते, कारण तिच्याकडे जगभरच्या जमिनीच्या उंचीचा नकाशा असतो आणि आपण कुठे आहोत हे तिला जीपीएसकडून कळतं. ती जागाच खोटी निघाली तर यंत्रणा नको तिथे ओरडते आणि हवी तिथे गप्प राहू शकते. आम्ही ते बटण दाबलं की साधे इशारे शिल्लक राहतात, पण पुढचं बघणारा डोळा मिटलेला असतो. खोटे इशारे ऐकून ऐकून पायलटने खऱ्या इशाऱ्यावर दोन सेकंद उशीर केला, तर डोंगराळ भागात तेवढे पुरे आहेत.

वाट चुकण्याचा धोकाही खोटा नाही. सप्टेंबर 2023 पासून इराक-इराण सीमेजवळ असे प्रकार वाढले. काही विमानांत खोट्या जीपीएसने आतल्या जायरोंचा हिशोबही बिघडवला, म्हणजे आधाराचं साधनच बाटलं. एक बिझनेस जेट परवानगीशिवाय इराणच्या हद्दीत शिरता शिरता राहिलं. दुसऱ्याच्या हद्दीत शिरणं म्हणजे काय, ते 1983 मध्ये दिसलं होतं. कोरियन एअर लाइन्सचं 007 वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं, ते पाडलं गेलं, 269 माणसं मेली. त्यानंतर त्याच महिन्यात अमेरिकेने जीपीएस नागरी विमानांसाठी खुलं करू असं जाहीर केलं. हे आठवलं की मला फार वाईट वाटतं. 25 डिसेंबर 2024 ला अझरबैजान एअरलाइन्सचं विमान रशियातल्या ग्रोझ्नीला उतरायला गेलं, तिथे जीपीएस गेलेलं होतं, उतरायचे प्रयत्न फसले, मग रशियन हवाई संरक्षणाचा मारा लागला. ते कझाकस्तानातल्या अकताऊजवळ कोसळलं, 67 पैकी 38 जण गेले. जिथे जॅमर चालू असतात तिथे क्षेपणास्त्रंही सज्ज असतात, हे यातून लक्षात घ्यायला हवं.

सैन्याने जॅमिंग करूच नये, असं मी म्हणणार नाही. शहरावर येणारे ड्रोन जीपीएसवर चालत असतील तर ते रोखावेच लागतात. सरावासाठी असेल तेव्हा आधी सूचना द्यावी, एवढं तरी नक्कीच करता येतं. विमानांतले रिसीव्हर खोटा सिग्नल ओळखणारे हवेत, पण हजारो विमानांत ते बसायला वर्षं जातील. तोवर हातात असलेली गोष्ट म्हणजे जमिनीवरची जुनी केंद्रं, आणि खर्च वाचतो म्हणून तीच बंद करण्याकडे कल आहे.

एस्टोनियातल्या टार्टूचं बघा. तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवर अवलंबून होती. एप्रिल 2024 मध्ये फिनएअरची दोन विमानं न उतरता हेलसिंकीला परत गेली आणि कंपनीने महिनाभर तिथली उड्डाणं थांबवली. जमिनीवरच्या यंत्रांवर चालणारी पद्धत तयार झाली तेव्हा, जूनमध्ये, विमानं पुन्हा उतरायला लागली. त्या भागातलं जॅमिंग तेव्हाही थांबलेलं नव्हतं.